माठाखालचा कागद

एका दुपारी माठाखाली लावलेला एक कागद मी काढला, चुरगाळला आणि दुकानामागच्या गटारीत टाकला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आई होती तोवर आईला नाही, आणि ज्याला त्याच दिवशी सांगायला हवं होतं त्या मिलिंदला तर नाहीच. या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. कागद पोस्टकार्डाएवढा होता. त्यावर चार ओळी छापलेल्या होत्या.

होळी झाली की आमच्याकडे कुंभार गल्लीतून नवा माठ येतो. बायको तो पहिले दोन दिवस नुसता भरते आणि ओतते, तिसऱ्या दिवशी तिवईवर चढवते. मग त्याला घाम फुटतो. बाहेरून हात लावला की गार लागतं, बुडाशी थेंब जमतात. फरशी ओली होऊ नये म्हणून ती खाली जुनं वर्तमानपत्र अंथरते आणि मी ते उचलतो. दरवर्षी हेच. ‘कागद दिसला की तुम्हाला होतंय तरी काय?’ ती विचारते. ‘फडकं घाल, कागद कुजतो,’ मी म्हणतो. यंदा वर्तमानपत्र उचलून मी तिथंच खाली बसलो. छापखान्याची शाई तेलाची असते, ती पाण्यानं फुटत नाही. ओल्या कागदावर सगळी अक्षरं जागच्या जागी होती. तरी मी एकेक ओळ निरखत राहिलो.

राजारामपुरीत तेव्हा माझं टायपिंगचं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, दोन इंकजेट प्रिंटर आणि मागच्या पडवीत असाच एक माठ. मार्च उजाडला की कॉलेजच्या पोरापोरींची प्रोजेक्टं छापायची झुंबड उडायची. दारात सायकली, एम-एटी, समोरच्या गाडीवरून मिसळीच्या कटाचा वास, आणि आत प्रिंटरचा तो कर्र-कर्र आवाज. कंपनीचं कार्ट्रिज दोन दिवसांत संपायचं आणि नवं परवडायचं नाही. म्हणून शाई घरी करायची कल्पना निघाली. कल्पना माझी, हात मिलिंदचा.

मिलिंद माझ्या आजोळचा. मुरगूडच्या अलीकडचं गाव. मामाचं घर वरच्या अंगाला, त्याचं खाली बौद्धवाड्यात. मे महिनाभर आम्ही वेदगंगेत एकत्र डुंबायचो. नदीत आम्ही दोघं सारखेच असायचो. पण तो मामाच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही, आणि मीही कधी ‘ये’ म्हटलं नाही. पुढं तो कोल्हापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागला. मी बी.एस्सी. होऊन टायपिंग करत होतो आणि तो बारावीवर सगळ्या डिपार्टमेंटची मापं सांभाळत होता. ब्युरेटमधल्या पाण्याची रेघ तो डोळा बारीक करून वाचायचा तेव्हा श्वास घ्यायचा नाही.

शाई म्हणजे काय, तर इचलकरंजीच्या रंगाईवाल्याकडचा काळा रंग, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणि औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन. एवढं मिसळलं की शाई दिसते, पण छापत नाही. प्रिंटरच्या केसाएवढ्या भोकांतून ती उतरतच नाही, उतरली तर कागदावर मण्यासारखी बसून राहते. पाण्याला कागदाशी जुळवून घ्यायला लावणारं काहीतरी त्यात लागतं. पुस्तकात त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. मिलिंद त्याला ‘मध्यस्थ’ म्हणायचा.

‘सोयरीक जमवणारा रं,’ तो म्हणायचा. ‘पाणी आन कागद, दोघं बी ताठ. ह्यो मधी पडून गाठ घालून देतो.’

मध्यस्थ शोधण्यात आमचा अख्खा उन्हाळा गेला. रिठ्याचं पाणी झालं. त्याला आठ दिवसांत बुरशी आली. शाम्पू झाला, त्यातल्या मिठानं भोकं बुजली. इचलकरंजीच्याच रंगाईवाल्यानं कापड भिजवायचं तेल दिलं, त्याचा इतका फेस झाला की कार्ट्रिजच्या स्पंजात नुसती हवा कोंडली. मग महाद्वार रोडवरच्या एका फोटोस्टुडिओवाल्यानं छोट्या बाटलीत त्याचं एक औषध दिलं. फिल्म धुऊन झाली की शेवटच्या पाण्यात ते दोन थेंब घालतात, म्हणजे फिल्मवर डाग न पडता पाणी निथळतं. आणि पाचवं माझ्या घरून आलं. बिद्रीकडं आमचा ऊस. भाऊ फवारणीच्या औषधात ‘स्टिकर’ घालायचा, औषध पानावर पसरून चिकटून राहावं म्हणून. त्याची अर्धी बाटली मी घेऊन आलो.

माप ठरवायची मिलिंदची रीत कुठल्या पुस्तकात नव्हती. पडवीजवळ मोरीच्या पाण्यावर अळू माजलेला होता. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, लोळतं. तो शाईचा एक थेंब पानावर सोडायचा आणि बघत बसायचा. ‘लोळला न्हाय पायजे, पसरला बी न्हाय पायजे. बसला पायजे. पाव्हणा जेवायला बसल्यागत.’ शंभर मिलिलिटरला चार थेंब, हे फोटोवाल्याच्या औषधाचं माप त्यानं अळूच्या पानावर काढलं होतं.

दुसरी परीक्षा माठाखाली. पाचही शायांनी जमेल तसे छापलेले पाच कागद त्यानं सुतळीनं माठाच्या बुडाशी, थेंब न पडता नुसती ओल लागेल असे बांधले. प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव. आठ दिवस. ‘हितं टिकला त्यो पावसाळ्यात टिकला,’ तो म्हणाला. आठव्या दिवशी सोडून बघितले, तर फोटोवाल्याच्या कागदावर अक्षरं जशीच्या तशी. स्टिकरच्या कागदावर प्रत्येक काना-मात्रेला मिशा फुटलेल्या.

मी म्हटलं, ‘पण छापताना हाच सगळ्यात झकास दिसत होता की. मखमलीसारखा काळा.’

‘त्येच तर,’ मिलिंद हसला. ‘लगीन लागलं की मध्यस्थानं आपल्या घरी जावं. ह्यो जेवतो, हात धुतो आन मुक्कामाला ऱ्हातो. पाणी वाळतंय संजा, ह्यो वाळत न्हाय. जरा ओल लागली की पुन्यांदा उठून बसतो.’

त्यानं वहीत स्टिकरपुढं फुली मारली. ती फुली मी बघितली होती. पुढचं सगळं लिहिताना हे आधी लिहून ठेवायला हवं, की मला माहीत होतं.

मिलिंदची आई, तानुमावशी, गावची सुईण होती. आजोळची म्हणून माझी मावशी. चाळीसेक वर्षं गावातल्या सगळ्या आळ्यांतली बाळंतपणं तिच्या हातची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि तारखा ठाऊक नव्हत्या, पण कुठलं पोर कधी झालं हे तिला विचारावं. एखाद्या बाईला सांगायची, ‘तुझा जलम भुईमुगाच्या काढणीतला. तुझा चुलता दारात शेंगा निवडत बसलाता, त्यो उठलाच न्हाय, पोरगी झाली म्हणून.’ शाळेत नाव घालताना, पेन्शनचा अर्ज करताना लोक तिच्या दारात येऊन वय विचारून जायचे. आणि जी पोरं जगली नाहीत, तीही तिच्या लक्षात होती. बारसं व्हायच्या आत गेलेल्या पोराला नाव नसतं. मावशीनं मनातल्या मनात प्रत्येकाला नाव ठेवलेलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. ‘आईबाप इसरत्यात, इसरावंच लागतंय. पर हाताला म्हाईत असतंय की,’ म्हणायची.

मिलिंद दोन वर्षं दर रविवारी गावी जाऊन हे टेपवर घ्यायचा आणि आठवडाभर माझ्या दुकानात बसून टाइप करायचा. कॅसेटी दोनच. टाइप झालं की तीच कॅसेट पुढच्या रविवारी पुसून पुन्हा वापरायची. एकशेचाळीस पानं भरली. शाई जमल्याच्या पुढच्या मार्चमध्ये मावशीच्या छातीत पाणी झालं. मिलिंदला वाटलं, ती आहे तोवर पुस्तक तिच्या हातात द्यावं. तो रजा टाकून गावी राहिला आणि छपाईचं काम मला सांगून गेला. ‘वहीत समदं हाय. तसंच कर. चार थेंब.’

फोटोवाल्याचं औषध संपलं होतं. मी स्टुडिओत गेलो तर कुलूप. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, ‘लग्नाच्या शूटिंगला गेल्यात, गडहिंग्लजकडं. चार दिवसांनी येतील.’ दुकानात प्रोजेक्टवाल्यांची रांग. मी त्यांच्यासाठी स्टिकरची शाई केली. प्रोजेक्ट काय, मार्क पडेपर्यंत टिकलं की झालं. ती इतकी सुरेख उतरत होती की दुसऱ्या दिवशी मी त्याच शाईनं मावशीचं पुस्तकही छापायला घेतलं. चार दिवस थांबता आलं असतं. मावशी त्या चार दिवसांत काही जाणार नव्हती. मी थांबलो नाही, एवढंच. मनात वाईट काही नव्हतं, चांगलंही काही नव्हतं. काम हातावेगळं करायचं होतं.

पानं बाहेर पडताना मी वाचत होतो. सत्तराव्या पानाच्या आसपास मामाचं घर आलं. आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि ते पहिलं बाळंतपण माझं नव्हतं. माझ्याआधी एक मुलगी होती. तीन दिवस जगली. घरात हे कधीच कुणी बोललं नव्हतं. मावशीनं तिला ठेवलेलं नाव तिथं छापलेलं होतं. त्याखाली एक ओळ होती: ‘चहा परसात दिला. कप धुऊन पालथा घालून आले.’ त्याच्या पुढच्या परिच्छेदात मी जन्मलो होतो, जोंधळा पोटरीला आला होता तेव्हा. तिथंही तो कप होता. ज्या हातानं मला पहिल्यांदा धरलं त्याला माझ्या आजोळच्या स्वयंपाकघरातलं पाणी मिळालं नव्हतं. मिलिंदनं हे स्वतः टाइप केलं होतं, माझ्याच दुकानात, माझ्यापासून चार हातांवर बसून. एका शब्दानं बोलला नव्हता.

ते नाव मी वाचलं. मला वाटलं, पुस्तकात आहेच, पुन्हा बघू. आज ते मला आठवत नाही. ‘स’नं सुरू होत होतं असं कधी वाटतं, कधी वाटतं माझ्या नावामुळं तसं वाटतंय.

मिलिंद पुस्तक न्यायला आला. पहिलं पान उजेडाकडं धरून त्यानं बघितलं आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. ‘लेका! काळा बघ की कसा उतरलाय! म्हटलं न्हवतं, चार थेंब?’

मी म्हटलं, ‘व्हय.’

एका ‘व्हय’वर माझी पुढची वीस वर्षं गेली.

पुस्तक मावशीच्या हातात दिलं तेव्हा मी तिथं होतो. तिनं ते उघडलं नाही. आधी वास घेतला. मग पालथा हात वरून फिरवला, जसा ती बाळंतिणीच्या पोटावरून फिरवायची. ‘समदी हाईत ह्यात?’ तिनं विचारलं.

‘समदी, आई.’

‘गेलेली बी?’

‘ती बी.’

तिनं पुस्तक उशाशी ठेवलं. ‘मग मी मोकळी झाली,’ म्हणाली.

आता तो कागद. छापताना शेवटी मी एक चिठोरी छापून सवयीनं माठाखाली बांधली होती. पुस्तक देऊन आल्यावर, सहाव्या दिवशी, दुपारी पाणी प्यायला वाकलो आणि माझी नजर गेली. मिशा फुटत होत्या. फार नाही, सुरुवात होती. त्या क्षणी सगळं हातात होतं. फाइल कॉम्प्युटरमध्ये होती. फोटोवाला परत आला होता. मिलिंदला सांगितलं असतं तर त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या, आणि दोन दिवसांत नवं पुस्तक झालं असतं. खरं सांगायचं नव्हतं, तर नुसतं ‘एक झेरॉक्स काढून ठेव’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. झेरॉक्सची पावडर ओलीला भीक घालत नाही. पण झेरॉक्स म्हटलं की तो ‘का?’ विचारणार, आणि त्या ‘का’ला माझ्याकडं उत्तर एकच होतं. तो त्या संध्याकाळी दुकानात येणार होता. मी सुतळी सोडली, कागद चुरगाळला आणि गटारीत टाकला. परत येऊन माठातलं पाणी प्यायलो. नव्या माठाच्या पाण्याला मातीचा वास असतो. तो वास अजून मला नकोसा होतो.

तो संध्याकाळी आला आणि माठाखाली वाकून म्हणाला, ‘ह्या घाण्याचा कागद न्हाय लावला व्हय?’

‘राहिला,’ मी म्हटलं.

‘ऱ्हाऊ दे. तुझ्या हातचा हाय, काय बघायचं त्यात.’

जूनमध्ये दुकानात व्हायरस आला आणि माझा कॉम्प्युटर पुसावा लागला. मिलिंदकडं दोन फ्लॉप्या होत्या. त्या वर्षी पाऊस असा लागला की कपाटातले बूट हिरवे झाले. दोन्ही फ्लॉप्यांच्या आत बुरशीचे पांढरे ठिपके आले होते. तेव्हाही आम्ही हसलो. पुस्तक होतं ना.

श्रावणात एका रविवारी आम्ही दोघं गावी गेलो. कौलांतून झिमझिम चाललेली, भिंती ओल्या, चुलीचा धूर घरातच रेंगाळलेला. मावशी भिंतीला टेकून बसली होती. आवाज बारीक झाला होता. म्हणाली, ‘वाच की रं जरा. ऐकू तरी दे, काय बोललीया मी ती.’ मिलिंदनं उशाशी ठेवलेलं पुस्तक घेतलं, उघडलं आणि थांबला. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. ओळी नव्हत्या. एकेका ओळीच्या जागी काळपट निळा, केसाळ पट्टा होता, सुरवंट चालत गेल्यासारखा. त्यानं पान उलटलं. पुढचंही तसंच. पुढचंही.

आणि मग मिलिंद वाचायला लागला. पानाकडं बघत, बोट फिरवत, आठवेल तसं. भुईमुगाची काढणी, शेंगा निवडणारा आज्जा. मावशी डोळे मिटून ऐकत होती. मधेच म्हणाली, ‘न्हाय. तसं न्हाय म्हटलं मी. त्यो आज्जा न्हवं, चुलता.’ तो म्हणाला, ‘व्हय व्हय, चुलता. चुकून वरची ओळ वाचली.’ थोड्या वेळानं पुन्हा, ‘अडकत वाचतोस की रं. मास्तरांनी छड्या मारल्या न्हाईत व्हय तुला?’ ती हसली. तोही हसला. त्याच्या बोटाला निळं लागलं होतं.

मी हातभर अंतरावर बसलेलो होतो. तेव्हाही बोललो नाही.

एसटीत तो खिडकीकडं तोंड करून बसला होता. कागल आलं. मग म्हणाला, ‘माझंच माप चुकलं संजा. चार न्हाय, तीनच पायजे हुतं. नायतर गिलसरीन जास्त झालं आसंल. अळूच्या पानावर कुठं कोण माप काढतंय? येड्यागत.’

‘असं काय म्हणतोस,’ मी म्हटलं. मी त्याचं सांत्वन केलं, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. ‘पावसाचा दोष,’ मी म्हटलं. ‘रंगाईवाल्यानंच रंग हलका दिला असेल,’ म्हटलं. ज्याचा काही संबंध नव्हता त्या माणसाचं नाव घेतलं.

त्यानंतर त्यानं पुन्हा टेप नेला. दोन-तीन घरं सांगून झाली, मग मावशीला दम लागायला लागला. दिवाळीच्या आधी ती गेली. गेलेली पोरं तिच्याबरोबर दुसऱ्यांदा गेली. तिला शेवटपर्यंत वाटत होतं, समदी पुस्तकात हाईत. एवढं एक बरं झालं असं मी स्वतःला सांगायचो. आता सांगत नाही.

मिलिंदनं शाईच्या बाटल्या मोरीत ओतल्या, वही जाळली. पुढं तो बदलून गडहिंग्लजला गेला. काही वर्षांनी घरी आला होता तेव्हा माझी मुलगी लहान, तापानं फणफणलेली. बायकोनं औषधाची बाटली आणि टोपण त्याच्या हातात दिलं, ‘भावजी, पाच मिलि ओता, तुम्ही लॅबवाले.’ त्यानं टोपण तसंच परत केलं. ‘न्हाय वैनी, तुम्हीच बघा. माझ्या हाताचं माप खरं न्हाय.’ बायकोला ती चेष्टा वाटली. ती हसली. मी आत जाऊन कपाट उघडून उगाच काहीतरी शोधत राहिलो.

आईला मी एकदाच विचारलं, माझ्याआधी कुणी होतं का. ती म्हणाली, ‘कुणी सांगितलं तुला?’ मी म्हटलं, तानुमावशीच्या पुस्तकात होतं. तिनं हातातली मेथी खाली ठेवली. मग म्हणाली, ‘नाव ठेवलं हुतं का गं तिनं?’ मला ‘गं’ म्हणाली. कुठं होती ती त्या वेळी कुणास ठाऊक. मी म्हटलं, ‘ठेवलं होतं.’ ‘काय?’ मी म्हटलं, ‘आठवत नाही.’ आईनं मान हलवली आणि पुढ्यातली मेथी निवडायला घेतली. नंतर ती आठ वर्षं जगली, पुन्हा विचारलं नाही.

आता माझ्याकडं लेझर प्रिंटर आहे. त्याची अक्षरं पाण्यात बुडवली तरी हलत नाहीत. भाऊ अजून उसावर फवारणी करतो. परवा गेलो होतो तेव्हा त्यानं पंपात स्टिकरचं टोपण ओतलं, गोडसर, साबणासारखा वास आला आणि मी बांधावरून उठून आलो. मोरीवर अळू माजला की अजून त्याच्यावर पाणी शिंपडून बघतो. थेंब लोळतात.

हे लिहून ठेवणं हीसुद्धा एक पळवाट आहे, हे मला कळतं. कागदाला सांगणं सोपं आहे. गडहिंग्लजची एसटी दर तासाला आहे, दोन तासांत पोचवते, आणि मी गेल्या वीस वर्षांत तीनदा स्टँडवर जाऊन परत आलो आहे.

तानुमावशीचं पुस्तक मला परत करता येणार नाही. माझ्या बहिणीचं नावही नाही. मिलिंदला मात्र द्यायचं राहिलेलं अजून देता येण्यासारखं आहे: त्याच्यासमोर बसून, माझ्या तोंडानं सांगायचं की त्याचं माप बरोबर होतं, चार थेंबच बरोबर होते, शाई मी बदलली आणि कागद मी फेकला. ते मी अजून दिलेलं नाही.